फुटबॉलचे गुरुजी

आमच्या मंडणगड तालुक्यांत फुटबॉलचें प्रस्थ कधींच नव्हतें. कबड्डी, आट्यापाट्या आणि अलीकडच्या दोन पिढ्यांत टेनिसच्या चेंडूनें खेळलेलें क्रिकेट, एवढ्यावर येथील मुलांचें भागत आलें आहे. डोंगरउतारावर सपाट जागा मिळणें हेंच मुळीं कठीण. तथापि मुंबईहून सुटींत येणारीं नातवंडें हल्लीं निराळीच विद्या बरोबर आणतात. ज्युव्हेंटस, मिलान, रोमा इत्यादि इटालियन संघांचे आजपर्यंतचे मॅनेजर कोण कोण झाले, कोणास कोणत्या सालीं काढून टाकलें, हें त्यांस रामरक्षेसारखें मुखोद्गत असतें. याचें आम्हांस वैषम्य वाटत नाहीं. पाठांतर कशाचेंही असो, तें जिभेला वळण लावतें. परंतु आमच्याच कोंकणपट्टीच्या दक्षिणेस, तेरेखोलच्या खाडीपलीकडे, ह्याच विद्येचे आचार्य होऊन गेले व आजही आहेत, त्यांतील एकाचेंही नांव ह्या मुलांस सांगतां येत नाहीं. त्यांच्या वडिलांसही येत नाहीं. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शब्दाविषयीं. संघास खेळ शिकविणारा, अकरा जण निवडणारा, सामन्याच्या वेळीं रेषेबाहेर उभा राहून हातवारे करणारा आणि पराभव झाला म्हणजे सर्वांच्या आधीं नोकरीस मुकणारा जो मनुष्य, त्यास इंग्लंडांत मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे कोच म्हणतात. इटलींत मात्र खेळाडू त्यास ‘मिस्टर’ म्हणून हांक मारतात. ह्या संबोधनाचा उगम विल्यम गार्बट नांवाच्या इंग्रज गृहस्थाकडे नेण्याचा तेथें प्रघात आहे. जेनोआ बंदरांतील क्लब इंग्रजांनींच १८९३ सालीं स्थापिलेला. त्या क्लबानें १९१२ मध्यें गार्बट यांस शिक्षक नेमलें. ते सुमारें पंधरा वर्षें टिकले, आणि १९२३ व १९२४ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांच्या संघानें इटलीचें अजिंक्यपद मिळविलें. परदेशांतून आलेल्या गुरूस देण्याची हांक पुढें घरच्या गुरूसही चिकटली, ती आजतागायत. आम्ही मात्र येथें सरळ ‘शिक्षक’ हाच शब्द योजणार आहों. उभा जन्म त्या पेशांत गेल्यामुळें त्या शब्दाचा आम्हांस लोभ आहे, हें एक कारण; आणि ह्या माणसाचें काम वस्तुतः तेंच आहे, हें दुसरें.

शिक्षकास वागविण्याच्या दोन्ही तऱ्हा इटलींत पाहावयास मिळतात. ट्युरिनच्या ज्युव्हेंटस संघानें जोव्हानी त्रापातोनी यांस १९७६ पासून १९८६ पर्यंत दहा वर्षें ठेविलें, आणि तेवढ्या अवधींत सहा वेळां अजिंक्यपद घरीं आणलें. उलट सिसिली बेटांतील पालेर्मो संघाच्या मालकानें २०१५–१६ ह्या एकाच हंगामांत याकिनी नांवाच्या शिक्षकास काढलें, पुन्हां बोलाविलें आणि पुन्हां काढलें. घरच्या गड्यासही कोणी असें वागवीत नाहीं.

शिक्षकाची परीक्षा कशी करावी, हा वाद आपल्याकडेही जुनाच आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त गणदास व हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वासाठीं भांडतात, तेव्हां निवाड्यास बसलेली परिव्राजिका त्यांस स्वतः नाचून दाखविण्यास सांगत नाहीं, ती शिष्यांचा प्रयोग पाहूं इच्छिते. फुटबॉलांत ही परीक्षा आठवड्यागणिक, हजारों प्रेक्षकांसमक्ष होते. आणि शिष्य नापास झाले तर शाळेंतून काढतात तें गुरूला.

आतां गोव्याकडे वळूं. तेथें पोर्तुगीज अमदानींत, १८८३ च्या सुमारास, फादर विल्यम लायन्स ह्या धर्मोपदेशकानें शिवोली गांवीं हा खेळ आणला असें सांगतात. पुढें गांवोगांवच्या चर्चच्या पटांगणांत आणि खाजणांतल्या शेतांत भात कापून झाल्यावर तो रुजला. विसाव्या शतकांत त्यास खाणमालकांचा आश्रय मिळाला. साळगांवकर आणि धेंपो हे दोन मोठे संघ अशा घराण्यांच्या नांवानेंच चालत आले. ‘नवप्रभा’ हें मराठी दैनिक काढणारें धेंपो घराणें तेंच हें. पूर्वीं दरबारीं गवई ठेवीत, तसा हा प्रकार होता असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. दरबारी गवयाचें जें सुख तें त्यांत होतें, आणि जें भय तेंही होतें.

१९९६ सालीं राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली. तिच्या पहिल्या आठ हंगामांत गोव्यास अजिंक्यपद एकदांच मिळालें, तें १९९८–९९ मध्यें साळगांवकर संघास. आणि त्या वेळचे शिक्षक शब्बीर अली हे हैदराबादचे. बाकीची बहुतेक सारी कीर्ति कलकत्त्याची. मग एकाएकीं वारें फिरलें. २००४–०५ पासून २०१२–१३ पर्यंतच्या नऊ हंगामांत अजिंक्यपद पश्चिम किनाऱ्यावरून हललें नाहीं. आठ वेळां तें गोव्यांत राहिलें व एकदां, २००५–०६ सालीं, मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाकडे गेलें. तेथेंही शिकविणारे डेरिक परेरा हे गोव्याचेच. ह्या नऊ वर्षांत कलकत्त्याच्या बलाढ्य संघांस एकदांही तें पद मिळालें नाहीं, ही गोष्ट बंगाली मित्रास सांगतांना आवाज थोडा खालीं ठेवावा.

ह्या नवांपैकीं पांच अजिंक्यपदें एका माणसाच्या हातचीं आहेत. आर्मांडो कुलासो हें त्यांचें नांव. २००० सालीं धेंपो क्लबानें आपला संघ त्यांच्या हवालीं केला आणि २०१३ पर्यंत तो त्यांच्याकडेच राहूं दिला. भारतीय फुटबॉलांत तेरा वर्षें एका जागीं म्हणजे एक युगच. येथें शिक्षकाचा संसार बहुधा एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचा. त्यांनीं बसविलेला खेळ पाहणाऱ्यांस तत्काळ ओळखूं येई. चेंडू उंच उडवून पुढें धांवत सुटावयाचें नाहीं. तो जमिनीलगत ठेवून एकानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास असा देत देत पुढें न्यावयाचा. बोलावयास हें सोपें. पण चेंडू ज्यास द्यावयाचा तो पुढच्या क्षणीं कोठें असेल हें देणाऱ्यास न पाहतां ठाऊक असावें लागतें, आणि तें ठाऊक होण्यास तींच तीं माणसें वर्षानुवर्षें एकत्र खेळावीं लागतात. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा हीं गोव्याचीं मुलें कुलासो यांनीं धरून ठेविलीं. महेश गवळी मागाहून येऊन मिळाले. आणि ब्राझीलचे बेटो व नायजेरियाचे रँटी मार्टिन्स हे परदेशी खेळाडूही दीर्घकाळ राहिले. रँटी यांनीं २०११–१२ च्या एका हंगामांत ३२ गोल केले. भाडोत्री माणूस घरचा झाला म्हणजे काय करूं शकतो, याचें हें उदाहरण.

परंतु कुलासो यांच्या तेरा वर्षांतील सर्वांत कठीण दिवस सांगितल्यावांचून त्यांची योग्यता कळणार नाहीं. २००४ च्या हंगामासाठीं धेंपोनें क्रिस्तियानो ज्युनियर ह्या ब्राझीलच्या खेळाडूस आणलें होतें. त्या वर्षीं ५ डिसेंबर रोजीं बंगळूर येथें फेडरेशन कपाचा अंतिम सामना मोहनबागानशीं झाला. धेंपोनें तो दोन विरुद्ध शून्य असा जिंकला, आणि दोन्ही गोल क्रिस्तियानो यांचेच. दुसरा गोल करतांना त्यांची गोलरक्षकाशीं टक्कर झाली. ते मैदानावर कोसळले ते पुन्हां उठले नाहींत. वय अवघें पंचवीस. चषक हातीं आला त्याच सायंकाळीं तो आणणारा गेला. क्लबानें त्यांचा १० हा अंक पुढें त्यांच्या स्मृत्यर्थ निवृत्त केला.

अशा प्रसंगानंतर शिक्षकानें काय करावयाचें? वर्गांतील एखादें मूल दगावलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं फळ्यापुढें उभें राहणें किती जड जातें, हें ज्या शिक्षकांस भोगावें लागलें आहे तेच जाणतात. रिकाम्या जागेकडे पाहवत नाहीं, आणि पाहिलें नाहीं तर मुलांस तेंही कळतें. कुलासो यांच्या पुढें तर साऱ्या हंगामाची साखळी स्पर्धा उभी होती. तींत खेळणारीं मुलें तीच, ज्यांनीं आपल्या सोबत्यास डोळ्यांदेखत पडलेलें पाहिलें होतें. त्या हंगामाच्या शेवटीं, २००५ सालीं, धेंपो संघ पहिल्या प्रथम राष्ट्रीय अजिंक्य ठरला. पुढें २००६–०७, २००७–०८, २००९–१० आणि २०११–१२ हीं चार वर्षें त्यांत मिळालीं, आणि २००८ मध्यें आशियाई क्लबांच्या ए. एफ. सी. कप स्पर्धेंत हा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. तरीही आमच्या मतें पहिल्याची सर पुढल्यांस नाहीं.

मधल्या काळांत, २०११ मध्यें, कांहीं दिवस भारताच्या राष्ट्रीय संघाची धुराही त्यांच्याकडे आली होती. तेथें त्यांचें बस्तान बसलें नाहीं. राष्ट्रीय संघ हा वर्ग नव्हे, तो परीक्षेपुरता जमलेला मेळा. त्यांच्या मागून ते काम सावियो मेदेरा ह्या दुसऱ्या गोमंतकीयाकडे गेलें.

२०१३ सालीं कुलासो धेंपो सोडून कलकत्त्यास ईस्ट बेंगाल संघाकडे गेले. मागें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. धेंपोनें प्रथम ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास व नंतर इंग्लंडचे ट्रेव्हर मॉर्गन यांस आणलें. दोघेही जाणते. परंतु २०१४–१५ च्या हंगामाअखेर पांच वेळां अजिंक्य ठरलेला हा संघ खालच्या विभागांत घसरला. दोष सर्वस्वीं नव्या शिक्षकांचा असें आम्ही म्हणत नाहीं. जुने खेळाडू वयानें थकले होते आणि पैशाचा ओघ २०१४ सालीं सुरू झालेल्या इंडियन सुपर लीग ह्या नव्या स्पर्धेकडे वळला होता. तथापि तेरा वर्षें जें एका डोक्यांत सांठलें होतें तें कोणत्याही वहींत उतरून ठेविलेलें नव्हतें, हेंही तितकेंच खरें. पुढल्याच वर्षीं संघ वर चढून आला. पण राष्ट्रीय फुटबॉल संघटनेनें स्पर्धांची जी नवी मांडणी सुचविली तिचा निषेध म्हणून २०१६ मध्यें धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेंतून बाहेर पडले.

गोव्यांतील इतर अजिंक्यपदांच्या शिक्षकांविषयीं थोडक्यांत: चर्चिल ब्रदर्स संघास २००८–०९ मध्यें सर्बियाचे झोरान ज्योर्जेविच यांनीं व २०१२–१३ मध्यें बंगालचे सुभाष भौमिक आणि गोव्याचे मारियानो डायस ह्या जोडीनें तें मिळवून दिलें, साळगांवकर संघास २०१०–११ मध्यें मोरोक्कोचे करीम बेंचेरिफा यांनीं. हे सारे आले, जिंकले आणि गेले.

नव्या स्पर्धेनें तर ही येण्याजाण्याची चाल पक्की करून टाकली. एफ. सी. गोवा ह्या नव्या संघाचे पहिले शिक्षक म्हणजे साक्षात् ब्राझीलचे झिको. तीन वर्षें ते होते. २० डिसेंबर २०१५ रोजीं फातोर्डा येथें, स्वतःच्या अंगणांत, अंतिम सामन्यांत नव्वद मिनिटें होत आलीं तोंवर त्यांचा संघ पुढें होता. आणि शेवटच्या क्षणीं चेन्नईच्या संघानें दोन गोल होऊन तो तीन विरुद्ध दोन असा जिंकला. त्या चेन्नईचे शिक्षक मार्को मातेरात्सी, २००६ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या इटालियन संघांतील खेळाडू. म्हणजे इटलीचा ‘मिस्टर’ गोव्यांत येऊन जिंकून गेला, आणि हेंही आमच्या नातवंडांच्या पाठांतरांत नाहीं!

मग २०१७ मध्यें स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले. त्यांनीं गोव्यास २०१९ चा सुपर कप दिला. आणि २०२० च्या जानेवारीअखेर, संघ साखळींत अग्रस्थानीं असतांना, त्यांस काढण्यांत आलें. उरलेले सामने धेंपोचे जुने खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांनीं संभाळले. गोवा पहिला आला, आणि आशियाच्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेंत, म्हणजे ए. एफ. सी. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरींत, जाण्याचा मान मिळविणारा पहिला भारतीय क्लब ठरला. लोबेरा गेले ते मुंबई सिटी संघाकडे. मुंबईकरांनीं २०१४ पासून इंग्लंडचे पीटर रीड, फ्रान्सचे निकोला अनेल्का, कोस्टा रिकाचे अलेक्सांद्रे गिमाराइस व पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा असे चार शिक्षक पाहिले होते, पण चषक एकही पाहिला नव्हता. लोबेरा यांनीं गोव्याचेच कांहीं खेळाडू बरोबर नेले. त्यांत मंदार राव देसाई हे गोमंतकीयही होते. १३ मार्च २०२१ रोजीं, साथीच्या भयानें रिकाम्या ठेविलेल्या फातोर्ड्याच्या मैदानावर, मुंबईनें मोहनबागानचा दोन विरुद्ध एक असा पराभव केला, आणि साखळींतील पहिल्या क्रमांकाची ढाल व अंतिम चषक हीं दोन्ही एकाच हंगामांत मिळविलीं. तसें पूर्वीं कोणीही केलेलें नव्हतें.

येथें आमच्या मताविरुद्ध जाणारी ही गोष्ट आम्ही लपवूं इच्छित नाहीं. एका वर्षाकरितां आलेला शिक्षकही शाळेचा निकाल लावून जातो. मुंबईंत लोबेरा एकच हंगाम राहिले. त्यांच्यामागून आलेल्या डेस बकिंगहॅम यांच्या हाताखालीं ह्याच संघानें एप्रिल २०२२ मध्यें इराकच्या संघास हरवून चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबाचा पहिला विजय नोंदविला. ते हंगामाच्या मध्यावर इंग्लंडास परतले, तरी नवागत चेक शिक्षक पेत्र क्रात्की यांनीं मे २०२४ मध्यें पुन्हां चषक आणलाच. पैसा मुबलक आणि व्यवस्था चोख असली म्हणजे गुरु बदलूनही गाडी चालते. गाडी चालते, पण त्या गाडींतून पुढचे गुरु किती उतरले, हें पाहूं गेल्यास हिशेब निराळा येतो.

त्याच मुंबईंतील एका गरीब संघाची हकीकत ह्यासाठींच सांगावीशी वाटते. २००७ सालीं निघालेल्या मुंबई एफ. सी. ह्या क्लबाचे खेळाडू व २००९ पासून शिक्षक खालिद जमील. जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून ते मुंबईंतच नांवारूपास आले. मोठे पगार देण्याची ऐपत नसलेला हा संघ त्यांनीं सात वर्षें तगवून धरला; अजिंक्यपद कधीं मिळालें नाहीं, पण खालच्या विभागांतही कधीं जाऊं दिला नाहीं. २०१६ मध्यें क्लबानें त्यांस निरोप दिला. पुढल्याच हंगामांत मुंबई एफ. सी. सर्वांत शेवटचा आला, खालीं गेला आणि बंद पडला. इकडे गोव्याच्या संघांनीं स्पर्धा सोडल्यामुळें जी जागा रिकामी झाली तींत मिझोरामचा आयझॉल संघ, जो आदल्या वर्षीं खालीं घसरला होता, पुन्हां घेण्यांत आला. आणि त्या आयझॉलनें शिक्षक म्हणून नेमलें खालिद जमील यांस! एप्रिल २०१७ च्या अखेरीस तो डोंगरी संघ मोहनबागानला अवघ्या एका गुणानें मागें टाकून भारताचा अजिंक्य झाला. मुंबईनें सोडलेला गुरु आणि गोव्यानें सोडलेली जागा ह्या दोहोंचा लाभ मिझोरामच्या मुलांस झाला. सुपर लीगमध्यें एखाद्या भारतीयास मुख्य शिक्षकाची कायम नेमणूक मिळण्यास मात्र २०२१ साल उजाडावें लागलें. ती मिळाली ती खालिद यांसच. ऑगस्ट २०२५ मध्यें राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे सोंपविण्यांत आला. सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनीं प्रथमच त्या जागीं भारतीय मनुष्य बसला.

आतां परिव्राजिकेची कसोटी कुलासो यांस लावून पाहूं. क्लिफर्ड मिरांडा यांनीं २०२३ च्या एप्रिलांत ओडिशाच्या संघास सुपर कप मिळवून दिला. महेश गवळी हे राष्ट्रीय संघाचे उपशिक्षक असतांना, त्याच वर्षींच्या जुलैंत, मुख्य शिक्षकांवर मैदानबंदी आल्यामुळें दक्षिण आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या वेळीं रेषेपाशीं उभे होते. भारतानें कुवेतला हरवून तें पद मिळविलें. आणि समीर नाईक यांनीं धेंपोचाच संघ हातीं घेतला. हे तिघेही त्या एका वर्गांतले विद्यार्थी.

कुलासो यांस २०२४ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला आणि १७ जानेवारी २०२५ रोजीं राष्ट्रपतिभवनांत तो देण्यांत आला. ह्या पुरस्काराचें नांव आम्हांस नेहमींच थोडें खटकतें. एका राजपुत्राचा पहिला नंबर राखण्यासाठीं दुसऱ्या मुलाचा अंगठा मागणारा गुरु आम्हांस आदर्श वाटत नाहीं. पण सरकारनें नांव ठेवण्यापूर्वीं आम्हांस विचारलें नव्हतें. असो. तो समारंभ झाला त्या हिवाळ्यांत धेंपो संघ नऊ हंगामांच्या खंडानंतर आय-लीगमध्यें पुन्हां खेळत होता. मुलें बहुतेक गोव्याचींच होतीं, आणि रेषेबाहेर समीर नाईक उभे होते.